जांभळ्या शॅमरॉकचे कूळ

17 मार्चला, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या दिवशी, आयर्लंडमध्ये लोक कोटाला तीन पानांची हिरवी काडी खोचतात. ती काडी म्हणजे शॅमरॉक. पण शॅमरॉक ही नेमकी कोणती वनस्पती? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डब्लिनमधला हौशी वनस्पती-अभ्यासक नॅथॅनिएल कोलगन याने या प्रश्नाचा छडा लावायचे मनावर घेतले. त्याची रीत साधी आणि चोख होती. वेगवेगळ्या परगण्यांतल्या लोकांनी आपापल्या मते जो अस्सल शॅमरॉक, त्याचे रोप मुळासकट पाठवायचे. कोलगन ते लावणार आणि फूल येईपर्यंत थांबणार. थांबणे भागच होते. मार्चच्या मध्याला ही रोपे अगदी कोवळी असतात आणि नुसत्या पानांवरून त्यांची जात ठरवणे जाणकारालाही अवघड जाते.

रोपे फुलली तेव्हा कळले की शॅमरॉक एक नाही. बारीक पिवळ्या फुलांचा क्लोव्हर आणि पांढरा क्लोव्हर यांत मुख्य वाटणी झाली, आणि थोडी मते इतरांना पडली. जवळपास शंभर वर्षांनी, 1988 मध्ये, वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स नेल्सन यांनी हीच पाहणी पुन्हा केली. तेव्हा पिवळ्या क्लोव्हरला 46 टक्के आणि पांढऱ्याला 35 टक्के रोपे मिळाली. तिसऱ्या क्रमांकावर काळे मेडिक हे गवताळ कुरणातले झाड आले. त्यानंतर 5 टक्के रोपे निघाली ती वुड सॉरेलची, आणि वुड सॉरेल तर क्लोव्हरच्या कुळातलीसुद्धा नाही.

हे पाच टक्के महत्त्वाचे आहेत. पुण्या-मुंबईच्या नर्सरीत ‘पर्पल शॅमरॉक’ म्हणून जी गर्द जांभळ्या, त्रिकोणी पानांची कुंडी मिळते, तिचे नाते क्लोव्हरशी नसून याच वुड सॉरेलशी आहे. क्लोव्हर हे शेंगवर्गातले झाड, मेथी आणि लसूणघास यांच्या भावकीतले. जनावरांना घालतात तो बरसीमही क्लोव्हरच. जांभळा शॅमरॉक मात्र ऑक्सॅलिस या प्रजातीचा आहे. आपल्याकडे पावसाळ्यात कुंडीच्या कडेला, पायरीच्या फटीत, बागेच्या वाफ्यात न बोलावता उगवणारी पिवळ्या फुलांची आंबुशी त्याच प्रजातीची. लहानपणी जिची आंबट पाने खाल्ली, ती आंबुशी आणि नर्सरीतून पैसे मोजून आणलेला शॅमरॉक ही सख्खी भावंडे निघावीत, यात खरोखर गंमत आहे.

आयर्लंडच्या शॅमरॉकचा कागदोपत्री इतिहास सुरू होतो तो सणावारातून नव्हे, भुकेतून. कवी एडमंड स्पेन्सर याने 1596 च्या सुमारास आयर्लंडच्या परिस्थितीवर लिहिताना मन्स्टर प्रांतातल्या युद्धानंतरचा दुष्काळ वर्णिला आहे. त्यात उपाशी माणसे पाणथळीतली तिखट पाने आणि शॅमरॉक मिळेल तिथे धाव घेतात. थॉमस डाइनली हा प्रवासी 1681 मध्ये तिथे होता. त्याने लोकांना 17 मार्चला शॅमरॉक लावताना पाहिले आणि तो खाल्ल्याने श्वासाला सुवास येतो अशी समजूतही नोंदवली. पॅट्रिकने तीन पाने दाखवून एका देवाची तीन रूपे समजावली, ही सर्वांच्या तोंडी असलेली कथा मात्र लिखित स्वरूपात बरीच उशिरा भेटते. कॅलेब थ्रेलकेल्ड याच्या 1726 च्या आयरिश वनस्पतींवरच्या पुस्तकात ती प्रथम आढळते. पॅट्रिक पाचव्या शतकातला आणि त्याच्या स्वतःच्या लिखाणात शॅमरॉकचा उल्लेखही नाही.

थ्रेलकेल्डच्या मते शॅमरॉक म्हणजे पांढरा क्लोव्हर. 1830 मध्ये जेम्स बिचेनो या इंग्रज अभ्यासकाने याला आव्हान दिले. जुन्या लेखकांनी शॅमरॉक खाण्याचे उल्लेख केले आहेत आणि त्याच्या आंबटपणाबद्दल लिहिले आहे. क्लोव्हर कुठे आंबट असतो? आंबट असते ती वुड सॉरेल, म्हणजे रानातली पांढऱ्या फुलांची ऑक्सॅलिस. जुने आयर्लंड जंगलांनी भरलेले होते, तेव्हा जंगलातली ही वनस्पतीच खरा शॅमरॉक असणार, असा त्याचा युक्तिवाद. कोलगनने पुढे त्याचे मुद्दे एकेक करून खोडले आणि आज बहुतेक अभ्यासक क्लोव्हरच्या बाजूने आहेत. पण बिचेनोच्या लेखाने एक गोष्ट घडवली. ऑक्सॅलिस आणि शॅमरॉक ही दोन नावे शेजारी आली ती पुन्हा वेगळी झाली नाहीत. पुढे फुलांच्या व्यापाऱ्यांना हा शेजार फार सोयीचा ठरला.

जांभळ्या शॅमरॉकचे खरे माहेर दक्षिण अमेरिका. ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे आणि अर्जेंटिना या भागात तो रानात वाढतो. त्याला शास्त्रीय नाव दिले ओग्युस्त द सां-तिलेर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने. 1816 ते 1822 अशी सहा वर्षे तो ब्राझीलभर खेचरांच्या तांड्यांबरोबर हिंडला आणि सुमारे 24,000 वनस्पती-नमुने घेऊन पॅरिसला परतला. दक्षिण ब्राझीलच्या वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1820 च्या दशकात छापला जाऊ लागला. त्यातच ‘ऑक्सॅलिस ट्रायअँग्युलॅरिस’ हे त्रिकोणी पानांवरून दिलेले नाव आले.

त्याच वनस्पतीचे एक हिरव्या पानांचे, पांढऱ्या फुलांचे रूप बराच काळ ‘ऑक्सॅलिस रेग्नेली’ या नावाने विकले जात असे. आजही जुन्या बागप्रेमींच्या तोंडी ते नाव असते. हा रेग्नेल म्हणजे स्वीडनचा डॉक्टर आंदेर्स फ्रेडरिक रेग्नेल. फुप्फुसाच्या दुखण्यामुळे उबदार हवेच्या शोधात तो 1840 मध्ये ब्राझीलला गेला, मिनास जेराइस प्रांतातल्या काल्दास गावी त्याने दवाखाना थाटला आणि 1884 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. रुग्ण तपासता तपासता तो वनस्पती गोळा करी आणि मिळवलेला पैसा मायदेशातल्या वनस्पतिशास्त्रासाठी देऊन टाकी. विसाव्या शतकात अर्जेंटिनात जन्मलेल्या आणि पॅरिसच्या संग्रहालयात काम केलेल्या अलिसिया लूर्तेग यांनी अमेरिकेतल्या ऑक्सॅलिसचा प्रचंड पसारा आवरला. त्यानंतर रेग्नेलीची गणना ट्रायअँग्युलॅरिसच्याच गोतावळ्यात होऊ लागली. नर्सरीच्या पाट्यांवर हा बदल अजून पुरता पोचलेला नाही.

पण ही वनस्पती कुंडीत का गेली? वुड सॉरेल युरोपच्या थंडीत रानात मजेत तगते. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेच्या बहुतेक ऑक्सॅलिसना ती मुभा नाही. हिम पडले की त्यांची पाने एका रात्रीत पाणावून काळी पडतात, आणि जमीन खोलवर गोठली तर कंदही कुजतो. म्हणून युरोपात या परक्या ऑक्सॅलिसचा संसार पहिल्यापासून काचघरात मांडला गेला. या बाबतीत व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्याची बाग अग्रेसर होती. सम्राट योसेफ दुसरा याने 1786 मध्ये फ्रान्झ बोस आणि गेओर्ग शोल या दोन माळ्यांना आफ्रिकेच्या टोकाला, केप प्रांतात पाठवले. त्यांनी धाडलेल्या कंदांमध्ये ऑक्सॅलिसच्या कितीतरी जाती होत्या. निकोलाउस फॉन याक्विन या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या काचघरात वाढवलेल्या रोपांवरून 1794 मध्ये रंगीत चित्रांचा अख्खा ग्रंथच काढला. कोरड्या ऋतूत कंद जमिनीखाली झोपतात, ओल मिळाली की जागे होतात, हे केपच्या कंदांचे वेळापत्रक माळ्यांना पाळावे लागले. पाने पिवळी पडली की पाणी तोडायचे, कुंडी कोरडी ठेवून द्यायची आणि कोंब दिसला की पुन्हा पाणी सुरू करायचे. आज जांभळ्या शॅमरॉकसाठी सांगितली जाणारी रीत हीच आहे.

थंडी आणि ऑक्सॅलिस यांच्या नात्यावरचा सर्वांत देखणा प्रयोग मात्र चार्ल्स डार्विनच्या घरी झाला. ऑक्सॅलिसची पाने रात्री मिटतात हे पाहणाऱ्याला लगेच कळते. तिन्ही पत्रके मिटलेल्या छत्रीसारखी देठाभोवती खाली झुकतात आणि सकाळी उजाडले की पुन्हा आडवी पसरतात. पत्रके जिथे देठाला जुळतात तिथे एक बारीक फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींतले पाणी कमी-जास्त झाले की पत्रक हलते. हे कसे होते यापेक्षा कशासाठी होते, याचे कुतूहल डार्विनला अधिक होते.

वनस्पतींच्या हालचालींवरच्या 1880 च्या पुस्तकात त्याने मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीने केलेले प्रयोग दिले आहेत. निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या रात्री ऑक्सॅलिस आणि इतर काही वनस्पतींच्या कुंड्या उघड्यावर ठेवल्या. काही पाने टाचण्यांनी बुचावर आडवी अडकवली, म्हणजे ती मिटू शकणार नाहीत. बाकीची पाने मोकळी सोडली, ती रोजच्यासारखी मिटली. सकाळी पाहिले तर बळजबरीने उघडी ठेवलेली पाने जास्त होरपळली होती. उघड्या आकाशाकडे तोंड केलेले पान रात्री आपली ऊब वर फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. खाली लोंबणाऱ्या पानाच्या वाट्याला आकाश कमी येते, म्हणून त्याची ऊब टिकते. डार्विनचा निष्कर्ष असा की पाने मिटण्याचा एक उपयोग रात्रीच्या थंडीपासून बचाव हा आहे. पाने का मिटतात यावर पुढच्या शास्त्रज्ञांनी आणखी कारणे सुचवली आणि तो वाद अजून चालू आहे. पण बुचावर टोचलेली ती पाने वनस्पतिशास्त्राच्या इतिहासातल्या उत्तम साध्या प्रयोगांत मोडतात. उपकरणे म्हणून लागली ती टाचणी, बूच आणि एक थंड रात्र.

मिटण्याने थोडी थंडी टळते, गोठणे टळत नाही. त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेत हे झाड खिडकीतलेच राहिले, आणि खिडकीतले राहिल्यामुळेच त्याला बाजार मिळाला. अमेरिकेतल्या आयरिश वंशाच्या लोकांना 17 मार्चला घरात काहीतरी हिरवे, तीन पानांचे हवे असते. खरा क्लोव्हर कुंडीत, घराच्या मंद उजेडात, लांबुडका आणि केविलवाणा होतो, कारण त्याला मोकळे ऊन आणि पसरायला जमीन लागते. ऑक्सॅलिसला खिडकीचा उजेड पुरतो. तिची पाने मोठी, ठसठशीत असतात आणि कंद कधी लावले की कधी कुंडी भरते याचा हिशेब फूलवाल्यांना बसवता येतो. मार्चच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या किराणा दुकानांतही ‘शॅमरॉक’ची चिठ्ठी लावलेल्या ऑक्सॅलिसच्या कुंड्या मांडलेल्या दिसतात. दक्षिण अमेरिकेच्या कंदाला आयरिश संताचा दिवस असा बाजाराने मिळवून दिला.

जर्मनीत हेच दुसऱ्या तऱ्हेने घडले. तिथे नववर्षाला चार पानांच्या ‘भाग्यवान क्लोव्हर’ची छोटी कुंडी भेट देतात. खऱ्या क्लोव्हरला चार पाने क्वचितच फुटतात. मेक्सिकोच्या ऑक्सॅलिस टेट्राफिलाला चार पाने नेहमीच असतात आणि प्रत्येक पानाच्या मध्याजवळ तपकिरी पट्टा असतो. भेटीच्या कुंडीत बहुतेक वेळा तीच असते.

शॅमरॉक म्हणवणारी, हिमाला भिणारी आणखी एक वनस्पती आहे आणि ती आपल्या डोंगरातली आहे. पॅरोकेटस कम्युनिस हे तिचे नाव. हिमालयापासून नीलगिरीपर्यंतच्या ओलसर उतारांवर ती जमिनीसरपट पसरते. पाने हुबेहूब क्लोव्हरची, फूल मात्र निळेशार, वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचे. 1802-03 मध्ये नेपाळात गेलेल्या फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टनच्या संग्रहावरून डेव्हिड डॉनने 1825 मध्ये तिची नोंद केली. इंग्रज बागकामकरी तिला शॅमरॉक-वाटाणा म्हणतात आणि हिवाळ्यापूर्वी तिचे मुळे फुटलेले तुकडे कुंडीत लावून आत घेतात. कुळाने पाहिले तर क्लोव्हरची खरी भाऊबंद हीच. तरी नर्सरीतला मान जांभळ्या ऑक्सॅलिसला मिळतो.

तो मिळतो रंगामुळे. ही जांभळी छटा अँथोसायनिन रंगद्रव्यांची असते आणि त्यांत मालव्हिडिन हा गट प्रमुख आहे. नाशिक-सांगलीच्या काळ्या द्राक्षांच्या सालीतही हाच रंग असतो. आंबटपणा येतो ऑक्झॅलिक आम्लामुळे. ऑक्सॅलिसवरूनच त्या आम्लाचे नाव पडले. अठराव्या शतकात युरोपात वुड सॉरेलच्या रसातून निघणारे क्षार शाईचे आणि गंजाचे डाग काढायला विकले जात. 1784 मध्ये कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की साखरेवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून मिळणारे आम्ल आणि सॉरेलमधले आम्ल एकच आहे.

या आंबट घराण्याच्या बाकी शाखा कोकण-गोव्याच्या माणसाला नव्याने सांगायला नकोत. गोव्यात ज्याला करमलं म्हणतात ते पाच धारांचे कमरख आणि लोणच्यात घालतात ती बिमली, ही दोन्ही झाडे ऑक्सॅलिसच्याच कुळातली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात कमरखावर लिहिले आहे. आंबुशी ही आयुर्वेदातली चांगेरी. चांगेरीघृत तिच्याच रसात सिद्ध होते, आणि रानभाज्यांच्या हंगामात तिची भाजी-चटणीही होते. म्हणजे ऑक्सॅलिस महाराष्ट्राला परकी कधीच नव्हती. परकी होती ती तिची जांभळी, कुंडीतली बहीण.

कुंडीत तिची वाढ कंदांनी होते, बियांनी क्वचितच. ऑक्सॅलिसच्या अनेक जातींत तीन प्रकारची फुले असतात. कुणाचा स्त्रीकेसर आखूड, कुणाचा मध्यम, कुणाचा लांब. एका रोपावर एकच प्रकार असतो, आणि बी धरायचे तर दुसऱ्या प्रकारच्या फुलाचे पराग लागतात. डार्विनने 1877 च्या पुस्तकात यावरही सविस्तर लिहिले आहे. एकाच कंदाची वाढवलेली हजार रोपे म्हणजे एकच फूल हजार वेळा, मग बी कुठून येणार? पण बी नसल्याने काही अडत नाही. केपची पिवळी ऑक्सॅलिस पेस-कॅप्री एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी माल्टाच्या वनस्पती-उद्यानात आली आणि तिथून भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पसरली. पसरली ती मुख्यतः आखूड स्त्रीकेसराच्या एकाच प्रकाराने आणि बारीक कंदांच्या जोरावर. नीलगिरीच्या बटाट्याच्या शेतांत ऑक्सॅलिस लॅटिफोलियाने शेतकऱ्यांना असेच सतावले आहे. जांभळा शॅमरॉक तितका दांडगा नाही, तरीही त्याला वाफ्यात मोकळा सोडण्याऐवजी कुंडीत ठेवणेच शहाणपणाचे.

महाराष्ट्रात त्याला हिमाची भीती जवळजवळ नाही. पुण्याचा जानेवारी त्याला मानवतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठते अशा मोजक्या पहाटे सोडल्या, तर त्याला आत घ्यायची वेळ येत नाही. इथला त्याचा शत्रू म्हणजे एप्रिल-मेचे ऊन. पंधरा ते चोवीस अंशांत तो खुलतो. पारा बराच चढला की पाने मलूल होतात, पिवळी पडतात आणि झाड बघता बघता नाहीसे होते. याच वेळी असंख्य कुंड्या ‘मेल्या’ म्हणून फेकल्या जातात, आणि मातीत जिवंत कंद असताना फेकल्या जातात ही खरोखर वाईट गोष्ट आहे. माती उकरून पाहावी. चिमुकल्या पाइनच्या शंकूसारखे दिसणारे, खवल्याखवल्यांचे कंद हाताला घट्ट लागले तर झाड झोपले आहे, मेलेले नाही.

कुंडी उथळ चालते, तळाला भोक मात्र हवेच. माती, गांडूळखत, कोकोपीट आणि थोडी जाड वाळू असे पाणी न धरणारे मिश्रण करावे. कंद दोन-तीन सेंटिमीटर खोल पुरावेत, जवळजवळ लावले तर कुंडी भरगच्च दिसते. पूर्वेच्या खिडकीचे सकाळचे ऊन पुरते. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे, कारण कंद थंडीपेक्षा चिखलाने अधिक मरतात. पानाच्या खाली नारिंगी पुरळ दिसले तर तो तांबेरा. ती पाने तोडून टाकावीत आणि पानांवर पाणी शिंपडणे थांबवावे. मक्यावरच्या तांबेऱ्याची एक बुरशी आपल्या जीवनक्रमाचा काही भाग ऑक्सॅलिसवर काढते, तेव्हा मक्याच्या शेताशेजारी आंबुशीकडे दुर्लक्ष करू नये. घरात मांजर किंवा कुत्रे असेल तर कुंडी उंचावर हवी. त्यांनी पाने भरपूर खाल्ली तर ऑक्झॅलेटमुळे ती आजारी पडू शकतात.

उन्हाळ्यात पाने गेली की पाणी बंद करून कुंडी सावलीत, पावसाची झड लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवावी. जूनमध्ये हवा गार झाली की कंद काढून, मोठे-छोटे वेगळे करून, नव्या मातीत लावावेत. तीन-चार आठवड्यांत घडी घातलेली पाने वर येतात. एका कुंडीतून दोन-तीन कुंड्या सहज होतात, आणि उरलेले कंद शेजारी वाटायला ठेवता येतात.